साडेनऊ सेंटिमीटर खोकला

खोकला साधारण साडेनऊ सेंटिमीटर लांब असतो.

*

सभागृहातल्या पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रोज पुसतात. तीन वर्षांत तिच्यावर कोणी बसलेलं नाही. तरी आसनाचं कापड दोनदा बदललं.

*

रुग्णाच्या तक्त्यावर नर्सने अकरा दिवस एकच ओळ लिहिली आहे: बोलू शकत नाही, मानेने हो-नाही.

*

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बिस्किटं नाहीत.

*

माणूस बाहेर गेल्यावर दार किती वेळ उघडं ठेवायचं? त्याची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत.

*

गुरुवारी फोन वाजतो. उचलणारा बोलत नाही. करणारीला ते ठाऊक असतं.

*

या सगळ्याच्या मध्ये एक माणूस बसलेला आहे. सगळे त्यांना टेपकाका म्हणतात. त्यांचं खरं नाव कार्यालयाच्या हजेरीपटावर असेल, पण तिथेही कोणीतरी ते खोडून टेपकाका लिहून ठेवलंय.

सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच. चळवळीच्या संस्थापकांचं, म्हणजे थोरल्यांचं, भाषण फितीवर घ्यायचं आणि शाखाशाखांना पाठवण्याआधी साफ करायचं. साफ करायचं म्हणजे फीत यंत्राच्या हेडपुढे हाताने मागेपुढे सरकवायची, खोकला जिथे सुरू होतो तिथे पांढऱ्या पेन्सिलीने रेघ मारायची, संपतो तिथे, साधारण साडेनऊ सेंटिमीटरवर, दुसरी, ब्लेडने तिरका काप घ्यायचा आणि दोन टोकं पट्टीने जोडायची. काप तिरकाच हवा. सरळ कापलं तर जोड टक् करून वाजतो.

थोरले दिवसाला चाळीस सिगारेटी ओढायचे. त्यांचा खोकला तीन भिंती ओलांडून यायचा. पण फितींवर तो कधी आलाच नाही, आणि शाखांमध्ये हळूहळू अशी समजूत पसरली की थोरल्यांना खोकला येत नाही. पुढे तर समोर बसून ऐकलेली माणसंही तेच सांगू लागली. टेपकाकांनी एकदा एका जुन्या कार्यकर्त्याला छेडलं, "अहो, तुमच्या तोंडावर खोकले होते की ते! रुमाल काढून चेहरा पुसलात." तो शांतपणे म्हणाला, "तो दुसरा कोणीतरी असेल."

कापलेले तुकडे टेपकाका फेकत नसत. थोरल्यांचा श्वास कचऱ्यात कसा टाकायचा? ते तो बिस्किटांच्या डब्यात ठेवत. बायको होती तेव्हा म्हणायची, "लोक पैसे साठवतात, तुम्ही शिंका साठवा." बायको गेली. डबा भरत राहिला. कार्यालयाच्या मागे, जिन्याखालच्या खोलीत, कॉट आणि यंत्र यांच्यामध्ये.

*

मग थोरले गेले.

पहिल्याच महिन्यात चळवळीचे चार गट पडले. चौघांचं म्हणणं एकच, की थोरल्यांच्या जागी बसायचा हक्क आमचा. तेव्हाच्या सहायक सचिव आत्ताच्या सचिवबाई आहेत. एके काळी शाळेत गणित शिकवायच्या, अजूनही बोलताना बोटात खडू असल्यासारखी चिमूट धरतात. त्या जिन्याखालच्या खोलीत आल्या आणि कॉटवर बसल्या.

"काका, जाताना ते काहीतरी म्हणाले असतील ना?"

"मी नव्हतो तिथे, बाई."

"म्हणाले असतील. काय म्हणाले असतील, ते तुमच्याइतकं कोणाला कळणार?"

इतकंच बोलून त्या गेल्या. टेपकाका तोवर कधी रडले नव्हते असं नाही, पण त्या आठवड्यात सगळी इमारत रडत होती, आणि रडणाऱ्या पोराच्या हातात काहीतरी द्यावं तसं त्यांना वाटलं. त्यांनी शोधाशोध केली.

"माझी": धरणाच्या कामावरचं भाषण, "माझी एकट्याची ही लढाई नाही" यातलं.

"जागा": शिक्षकांच्या मेळाव्यातलं, "मुलांना खेळायला जागा नाही" यातलं.

"मोकळी ठेवा": हे भाषणातलं नव्हतंच. सभेआधी थोरले स्वयंसेवकांवर ओरडले होते, "अरे, मधली वाट मोकळी ठेवा!" आवाज जरा चढा होता. टेपकाकांनी तो खाली आणला.

माझी जागा मोकळी ठेवा.

त्या चार शब्दांनी चार गटांची तोंडं बंद झाली. बसायचंच नाही म्हटल्यावर भांडायचं कशासाठी? खुर्ची मोकळी राहिली आणि सचिवबाई तिच्या शेजारी उभ्या राहू लागल्या. माणसाशी वाद घालता येतो. रिकाम्या खुर्चीशी कोण घालणार?

टेपकाकांना मनातून बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

*

त्यांना एक मुलगी. तिला भिंगरी हे नाव थोरल्यांनीच दिलं, लहानपणी एका जागी पाय ठरत नसे म्हणून. चळवळीत सगळे तिला त्याच नावाने ओळखतात. मोठी होऊन ती नर्स झाली. थोरल्यांना इस्पितळात आणलं तेव्हा तिची नेमणूक त्याच वॉर्डात होती. तक्त्यावरची ती ओळ तिच्या हातची.

तिने बंड वगैरे काही केलं नाही. इस्पितळात चळवळीतली एक म्हातारी पाय मोडून आली होती. पट्टी बदलताना तिने विचारलं, "जाताना तूच होतीस ना गं जवळ? कसं म्हणाले ते, 'माझी जागा मोकळी ठेवा'?" भिंगरी कातर शोधत होती. सहज बोलून गेली, "आजी, त्यांच्या घशात नळी होती. अकरा दिवस ते काहीच बोलले नाहीत."

खरं बोलायला एवढासाच वेळ लागतो. म्हातारीचा पाय जुळायच्या आत ते वाक्य सगळ्या शाखांत फिरून आलं.

*

"काका, दार करायचंय," सचिवबाई म्हणाल्या.

दार म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगावं लागतं. चळवळीतून कोणाला काढायचं तर कागद नाही, मतदान नाही. थोरले भर सभेत त्या माणसाचं नाव घेत आणि म्हणत, "दार उघडा." दारवान दार उघडे, माणूस उठून जाई. त्यानंतर त्याच्याशी चळवळीतल्या कोणीही एक शब्द बोलायचा नाही. नवरा असो, आई असो. शब्द नाही म्हणजे नाही. थोरल्यांनी एकोणीस जणांना दार दाखवलं. ते गेल्यावर मोठाच पेच पडला, कारण नियम होता की दार फक्त त्यांच्याच आवाजात होतं. तो पेच टेपकाकांनी सोडवला. गेल्या तीन वर्षांत सहा दारं झाली. सहाही त्यांच्या ब्लेडची.

"कोणाचं?" टेपकाकांनी विचारलं.

सचिवबाईंनी घडी केलेली चिठ्ठी यंत्रावर ठेवली. टेपकाकांनी उघडली, परत घडी घातली आणि ती आधीपेक्षा लहान केली.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ, काका. मला काय सुख आहे का यात?"

"तिला समजावतो मी."

"रविवारपर्यंत समजावा. तिने सभेत येऊन म्हणावं, मी त्या वेळी ड्यूटीवर नव्हते. एवढंच. खोटंसुद्धा बोलायला नको, जेवायला तर कधीतरी गेलीच असेल ना?" त्यांनी कपाळ दाबलं, त्यांचं डोकं कायम दुखे. "ते चार शब्द गेले तर काय राहील, सांगा. माझ्यासाठी विचारत नाहीये. खेड्यापाड्यातल्या त्या बाया, ज्या फीत लावून सूत कातत बसतात, त्यांच्याकडे काय राहील?"

दाराशी थांबून त्या म्हणाल्या, "तुमच्याशिवाय हे कोणाला जमत नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले." यात कौतुक किती आणि दम किती, हे टेपकाकांनी बराच वेळ मोजून पाहिलं.

*

नर्सांच्या वसतिगृहात भिंगरीची खोली तिसऱ्या मजल्यावर. टेपकाका वर पोचले तेव्हा धापा टाकत होते. तिने आधी त्यांची नाडी धरली, मग चहा टाकला.

"ड्यूटीवर नव्हते म्हणू?" ती हसली. "बाबा, ड्यूटी बदलली की नळी निघत नाही हो घशातून."

"एखादा क्षण काढली असेल."

"दर दोन तासांनी मी साफ करायचे. काढली असती तर ते बोलले नसते, गेले असते." तिने कप त्यांच्या हातात दिला. कानाकडून, म्हणजे त्यांना आवडतो तसा. "मला एक सांगा. ती टेप आली कुठून?"

टेपकाका चहा फुंकत राहिले. चहा एव्हाना पुरेसा निवला होता.

"बाबा."

"बघतो मी काहीतरी."

"बघतो म्हणजे नाही. आईलाही तुम्ही बघतोच म्हणायचात." ती रागावली नव्हती, आणि तेच वाईट होतं. "तुम्ही एकदा त्यांना सांगा, मी केली म्हणून. दोन-तीन शब्दांचं काम आहे. मग माझं दार होवो, तुमचं होवो, दोघांचं होवो. निदान आपण दोघं एका बाजूला असू."

टेपकाकांना हे पटलं नाही असं नाही. पण जिन्याखालची खोली, सकाळी दारवानाने हाक मारून केलेला नमस्कार, पंगतीतलं ठरलेलं ताट, सव्वीस वर्षं. बाहेर पडलं की आपण कोण? टेपकाका हे नाव तरी उरेल का?

"थंडी वाढलीय," ते म्हणाले. "खिडकी नीट लावत जा."

*

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अशा वेळी माणूस मधली वाट शोधतो आणि ती सापडली की स्वतःवर खूश होतो.

फितींच्या कपाटात थोरल्यांच्या आवाजातलं "भिंगरी" एकदाच होतं. वीस वर्षांपूर्वीचं रीळ. सभा सुरू व्हायच्या आधी यंत्र तपासताना घेतलेलं, म्हणून कधीच बाहेर न गेलेलं, म्हणून कधीच साफ न केलेलं. पोरगी तेव्हा सात वर्षांची. पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून व्यासपीठासमोरून धावत निघाली होती. फितीवर आधी एक खोकला, मग थोरल्यांचा आवाज: "भिंगरी! अगं, सांडलंस बघ सगळं." आणि मग हसू. थोरले हसायचे फार कमी. हसले की खांद्यांपासून हसायचे.

हसू कापलं. सांडलेलं पाणी कापलं. उरलं "भिंगरी". त्याला कुठल्या तरी जुन्या दारातलं "दार उघडा" जोडलं.

आता राहिला आधीचा खोकला. पेन्सिलीची रेघ मारण्यापुरता हात पुढे गेला आणि थांबला. टेपकाकांनी तो तुकडा मागेपुढे करून तीनदा ऐकला. ओळखीचा होता; खोकले त्यांना सगळेच ओळखीचे.

राहू दे, त्यांनी ठरवलं.

हिशोब साधा होता. थोरल्यांना खोकला येत नाही हे सगळ्यांना ठाऊक. मग सभेत खोकला वाजला की लोक चमकतील. म्हणतील, हा आवाज त्यांचा नव्हे. कोणी विचारेल, मग ते चार शब्द तरी? सगळं आपोआप उसवेल, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. सचिवबाईंना सांगता येईल, चुकून राहिला. वय झालं.

सव्वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच एक खोकला आत ठेवला. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

*

रविवारी सकाळी सभागृह भरलं. भिंगरी आली होती. ड्यूटीवरून थेट, पांढऱ्या गणवेशात, शेवटच्या रांगेत. सभागृहामागच्या यंत्रखोलीच्या काचेमागून टेपकाकांना तिच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती. केसांत दोन पिना.

रिकाम्या खुर्चीपुढे सगळे उभे राहिले. सचिवबाईंनी काचेकडे पाहून मान हलवली. टेपकाकांनी कळ दाबली.

खोकला.

सगळं सभागृह दचकलं. टेपकाका काचेजवळ सरकले: आता. आता कोणीतरी म्हणेल.

"भिंगरी. दार उघडा."

कोणीच काही म्हणालं नाही. मग पुढच्या रांगेतून हुंदका आला. तोच जुना कार्यकर्ता, ज्याने तोंडावरचे खोकले पुसले होते. "घसा दाटला त्यांचा," तो म्हणाला. "पोटच्या पोरीसारखी होती. नाव घेताना त्रास झाला हो त्यांना!"

"घसा दाटला," बायका एकमेकींना सांगू लागल्या. बांध फुटावा तसं सभागृह रडू लागलं. आधीच्या कुठल्याच दाराला कोणी असं रडलं नव्हतं.

सगळ्यांच्या नजरा रिकाम्या खुर्चीवर होत्या. फक्त एकच जण मागे वळली होती. खोकला वाजला त्याच क्षणी भिंगरीने मान वळवून थेट काचेकडे पाहिलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोणीतरी घरात हाक मारावी आणि आपण बघावं, तसं तिने पाहिलं. मग ती निघाली. दारवानाने दार उघडलं आणि तिची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत धरून ठेवलं.

नर्सांच्या बुटांचा आवाज फार होत नाही. दार लवकर लागलं.

*

महिनाभरात दारवान दार उघडण्याआधी खाकरू लागला. दोन महिन्यांत शाखांमध्ये सभेच्या सुरुवातीला सगळे एकदम हळूच खोकू लागले, थोरल्यांच्या दुःखाची आठवण म्हणून. नव्या मुलांना तो खोकला कसा काढायचा हे शिकवायला सचिवबाईंनी एक माणूस नेमला. टेपकाकांकडे मागणी आली: डब्यातले आहेत तेवढे सगळे द्या.

त्यांनी डबा दिला. कॉट आणि यंत्र यांच्यामध्ये त्या आकाराची जागा राहिली.

*

गुरुवारी दुपारी कार्यालयात कोणी नसे. भिंगरीला ते ठाऊक होतं.

"बाबा, मी."

शब्द नाही म्हणजे नाही. पण खोकला म्हणजे काही शब्द नव्हे. टेपकाका फोनमध्ये एकदा खोकत, म्हणजे ऐकतोय.

"गोळ्या घेताय ना?" खोकला. "खोटं. बरं, ऐका, आमच्या मेट्रनने काल काय केलं..." ती सांगत राही. ते तोंडावर हात धरून हसत, कारण हसणं शब्दात मोडतं की नाही हे नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. दहा मिनिटं. मग उरलेले सहा दिवस, तेवीस तास आणि पन्नास मिनिटं.

सातव्या गुरुवारी ती म्हणाली, "बाबा, मी बदली मागून घेतलीय. लांब आहे. पुढच्या गुरुवारी इथून शेवटचा फोन. तुम्ही बोललात तर नवा नंबर देईन. भिंतीशी बोलून बोलून थकले हो मी."

टेपकाका खोकले. तिने फोन ठेवला.

*

त्या रविवारी सभा संपताना टेपकाका काचेमागून बाहेर आले. इतक्या वर्षांत ते कधी सभागृहाच्या मधल्या वाटेवरून चालले नव्हते. वाट मोकळी होती. रिकाम्या खुर्चीपाशी जाऊन ते वळले.

"ते चार शब्द मी जोडले," ते म्हणाले. "माझी जागा मोकळी ठेवा. तीन ठिकाणचे तुकडे आहेत. ते असं कधीच म्हणाले नाहीत. माझी मुलगी खरं बोलत होती."

त्यांना हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपला आवाज न कापता इतका लांब गेला, असं काहीतरी.

सचिवबाई पुढे आल्या आणि त्यांनी टेपकाकांचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते ढोंग नव्हतं.

"हो काका," त्या म्हणाल्या. "तुम्हीच जोडलेत. ते बोलू शकत नव्हते, म्हणून त्यांनी तुमच्या हातून बोलून घेतलं."

कोणीतरी हळूच खोकलं. मग सगळे खोकले. लोक रांगेने येऊन टेपकाकांच्या हातांना हात लावू लागले. उजव्या हाताच्या अंगठ्यावर ब्लेडचे जुने वण होते, तिथे जास्त.

त्यांचं दार कोणी केलं नाही. करणार तरी कोण? ब्लेड त्यांच्याकडेच होतं.

*

गुरुवार. फोन वाजला.

"बाबा, मी."

टेपकाकांनी ठरवलं होतं काय म्हणायचं. तीन शब्द, मी केली टेप. त्यांनी तोंड उघडलं आणि खरोखरीचा खोकला आला. सात गुरुवार ज्याला खोटं खोटं राबवलं, तो सगळ्या भावंडांना घेऊन आला. डोळ्यांत पाणी आलं, टेबल धरावं लागलं.



"पाणी प्या, बाबा," ती म्हणाली. "आधी पाणी प्या."

फोन टेबलावर आडवा ठेवून ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला माठाकडे गेले. पेला भरला, उभ्या उभ्या प्यायले, अर्धा सदऱ्यावर सांडला. परत येऊन फोन कानाला लावला.

"भिंगरे," ते म्हणाले, "मी केली ती टेप. सगळ्यांना सांगितलं मी. ऐकलंस का?"

फोनमध्ये एकसुरी घूं होतं. ते किती वेळापासून होतं, हे कळायला मार्ग नव्हता, कारण त्याला सुरुवात ऐकू येत नाही. टेपकाकांनी ते बराच वेळ ऐकलं. त्यात कापण्यासारखं काही नव्हतं.

*

वीस वर्षांपूर्वी त्या सभेआधी खोकत होते ते टेपकाका, आणि सात वर्षांची भिंगरी पाण्याचा पेला घेऊन धावत होती ती त्यांच्याकडे.